बावन्न माणसे आणि एक मास्तर

(द्वितीय वर्ष कला, डिंगोरे)

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी थोर पुरुषांवर आणि थोर स्त्रियांवर लेख येतात, आणि ते मी आवडीने वाचते. यंदा मात्र मला एका मास्तरांवर लिहायचे आहे. ते आपल्या तालुक्यातले नव्हते, आपल्या विद्यापीठातलेही नव्हते. ते गेले तेव्हा मी नुकती बोलायला लागले असेन. तरीसुद्धा खेड्यातून येऊन कला शाखेत शिकणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाचा त्यांच्याशी जवळचा संबंध आहे, असे माझे मत आहे. हा लेख ते मत मांडण्यासाठी आहे.

डॉ. लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ५ डिसेंबर १९४३ चा. तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, ते नाटक शिकवीत असत. तिथल्या मराठवाडा विद्यापीठाच्या (१९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) नाट्यशास्त्र विभागाचे ते प्रमुख होते. १९७९ साली त्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग रंगभूमीवर आणला. लेखक तेच, दिग्दर्शक तेच आणि नटही तेच. सुमारे तीन तासांच्या त्या प्रयोगात एकटे देशपांडे सर बावन्न माणसे उभी करीत. महाराष्ट्रात आणि परदेशात मिळून त्याचे अडीच हजारांहून अधिक प्रयोग त्यांनी केले आणि गिनीज बुकातही त्याची नोंद झाली. २२ फेब्रुवारी २००९ रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे संदीप पाठक या नटाने तो प्रयोग पुन्हा उभा केला.

नाव वाचून काहींना विदर्भातले वऱ्हाड आठवते. पण येथे वऱ्हाड म्हणजे लग्नाचे वऱ्हाड. मराठवाड्यातल्या एका खेड्यातली मंडळी लग्नासाठी विमानाने लंडनला निघतात, एवढीच गोष्ट. निघण्यापूर्वीची धांदल, माणसांची जमवाजमव, आणि जन्मात प्रथमच विमानात बसल्यावर उडणारी तारांबळ. कथानक असे म्हणावे तर पोस्टकार्डावर मावेल. मग लोक तीन तास खिळून का बसत असतील? आणि एकदा पाहिलेले लोक आपल्या मुलाबाळांना घेऊन पुन्हा का जात असतील?

बावन्न हा आकडा ऐकून आपण थक्क होतो आणि बहुधा तिथेच थांबतो. मला वाटते, आकड्यापेक्षा त्यामागची रीत पाहावी. एकट्या नटाने दोन माणसांचे भांडण दाखवायचे म्हटले तर त्याला काय काय सांभाळावे लागते? पहिली गोष्ट नजर. उभा माणूस बसलेल्याशी बोलतो तेव्हा नजर खाली जाते, पोर बापाशी बोलते तेव्हा ती वर जाते. नजर वीतभर चुकली की समोरचे न दिसणारे माणूस नाहीसेच होते. दुसरी गोष्ट अंग. म्हाताऱ्याचा भार टाचेवर असतो, घाईतल्या माणसाचा चवड्यावर. तिसरी गोष्ट आवाज, आणि आवाजापेक्षाही बोलण्याची चाल. कोणी शब्द गिळतो, कोणी शेवटचा शब्द लांबवतो, कोणी दुसऱ्याचे वाक्य पुरे होऊ देत नाही. चौथी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे थांबणे. एका माणसातून दुसऱ्या माणसात जाताना मध्ये क्षणाची फट राहते. ती मोठी झाली तर प्रेक्षक सुटतो, अगदीच लहान झाली तर दोन्ही माणसे एकमेकांत मिसळतात. हे मी नाट्यशास्त्राच्या पुस्तकातून लिहीत नाही. प्रयोगाचे चित्रण मोबाईलवर पुढेमागे करून, आवाज बंद ठेवून आणि पुन्हा आवाज लावून मी हे पाहिले आहे. आवाज बंद केला तरी माणूस बदलला हे कळते. मग कळते की ही नुसती नक्कल नाही. यामागे माणसे पाहण्याची कित्येक वर्षांची सवय आहे.

आता मास्तरकीकडे वळू. नाटकात नाव झाले की नोकरी सुटते, असा आपल्याकडचा अनुभव आहे, आणि त्यात गैर काही नाही. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले उदाहरण घ्या. मधुकर तोरडमल हे अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे त्यांनी प्राध्यापकी सोडली आणि पूर्ण वेळ रंगभूमीला दिला. त्यांच्या ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ मधले प्रा. बारटक्के आजही लोकांच्या स्मरणात आहेत. पु. ल. देशपांडे हेही काही वर्षे महाविद्यालयात शिकवीत होते. १९६१ पासून त्यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगभूमीवर सादर केली, तोवर ती नोकरी मागे पडली होती. लक्ष्मण देशपांडे यांचे वेगळेपण मला यात दिसते की, प्रयोग जगभर पोचल्यावरही त्यांची ओळख ‘सर’ अशीच राहिली. एकीकडे वर्ग, दुसरीकडे रंगमंच, आणि दोन्हींत एकच काम. कल्पना करा, अभिनयाचा धडा देणारा शिक्षक स्वतः अभिनय करतो आहे, आणि तो जमतो की नाही हे त्याचे विद्यार्थी तिकीट काढून पाहू शकतात! शेती शिकवणाऱ्याच्या शेतात पीक उभे असावे, तसे हे झाले. अशा शिक्षकाचा शब्द विद्यार्थी खाली पडू देत नाहीत.

तथापि माझा खरा मुद्दा याहून पुढचा आहे. तो भाषेचा आहे.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथल्या कचेरीची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो मुक्त झाला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. इकडे मराठी नाटक मात्र १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांच्यापासून सुरू होऊन पुण्यामुंबईत वाढले होते. त्यामुळे रंगमंचावरची भली माणसे पुण्यामुंबईची भाषा बोलत, आणि खेड्यातले माणूस आलेच तर ते गडी म्हणून, चहाचा ट्रे घेऊन येई. १९६० नंतरच्या काळात शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनातून पश्चिम महाराष्ट्रातली खेडी शहरी श्रोत्यांपुढे नेली. यांतले मिरासदारही प्राध्यापकच. पण ‘करायलाय’, ‘जायलाय’ असे बोलणारा मराठवाडा त्यात नव्हता. तो लक्ष्मण देशपांडे यांनी सबंध तीन तास रंगमंचावर आणून बसवला. पुढे मकरंद अनासपुरे यांच्या चित्रपटांतून तीच बोली घरोघर पोचली. आज ती ऐकून आपल्याला नवल वाटत नाही. १९७९ साली मात्र ती गोष्ट सोपी नसणार.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९७२ च्या दुष्काळाला तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. मराठवाडा म्हटले की खडी फोडणारी माणसे आणि कोरड्या विहिरी, एवढेच चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे येत असे. त्या काळात या मास्तरांनी मराठवाड्यातलीच माणसे उचलली आणि थेट विमानात बसवली. दुष्काळ खोटा नव्हता. पण दुष्काळी भागातली माणसे लग्ने करतात, रुसतात, थट्टा करतात, आणि जग पाहायची हौस बाळगतात, हेही खोटे नव्हते. आपल्याला दया नको, आपल्याशी बोला, असे ती बावन्न माणसे सांगत आहेत, असे मला वाटते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो माझ्या वर्गातल्या मैत्रिणीनेच घेतला. ती म्हणाली, “शहरातले लोक पैसे देऊन खेड्यातल्या लोकांचा अडाणीपणा बघतात आणि हसतात. याचं तुला काय कौतुक?” हा आक्षेप मी झटकून टाकला नाही. विमान न पाहिलेल्या माणसाची फजिती पाहून हसणे, यात कुठेतरी आपणच हसण्याचा विषय होतो, ही बोच मलाही आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. बँकेत वडील स्लिप भरायला कोणाला तरी विनवतात तेव्हा खिडकीपलीकडचे हसू कसे असते, हे मला कोणी शिकवायला नको.

म्हणून मी एक साधा प्रयोग केला. माझी आजी शाळेत गेलेली नाही. रात्रीची जेवणे झाल्यावर ‘वऱ्हाडा’चे ध्वनिमुद्रण मी तिला ऐकवले. बोली तिकडची, त्यामुळे सुरुवातीला तिला काही शब्द कळेनात. थोड्या वेळाने ती हसू लागली. मग पदराने डोळे पुसू लागली. मध्येच मला म्हणाली, “ह्यो मानूस आपल्या लग्नाला कव्हा आलता गं?” आमच्या आत्याच्या लग्नात टेम्पो निघायच्या वेळी एक पाहुणे गायब झाले होते, एकीची पिशवी राहिली होती आणि एक काका मानपानावरून ओट्यावर बसून राहिले होते. आजीला ते सगळे आठवले. तिला विमानाशी काही कर्तव्य नव्हते. तिला माणसे ओळखू आली होती.

या एका प्रसंगावरून सिद्धान्त मांडावा, असे मी म्हणत नाही. परंतु एक कसोटी मात्र त्यातून मला मिळाली. ज्याच्यावर हसे होत आहे असे आपण समजतो, त्याला समोर बसवावे. तो अवघडून बसला तर ते हसू त्याच्यावरचे आहे. तो आपल्या आधी हसू लागला तर ते हसू त्याचे आहे. ‘वऱ्हाडा’त पाहणारा डोळा खेड्याचा आहे. विमान, विमानतळ आणि लंडन हे सगळे गावच्या मापाने मोजले जाते. शहराच्या मापाने गाव मोजायचे, ही नेहमीची रीत तिथे उलटी झाली आहे. आणि हे जमते ते नट त्या माणसांच्या शेजारी उभा राहतो म्हणून. तो त्यांच्यावर बोट दाखवीत लांब उभा राहता, तर तोच मजकूर कडू झाला असता.

ही रीत काही आभाळातून पडलेली नाही. संत एकनाथ पैठणचे, म्हणजे देशपांडे सरांच्याच जिल्ह्यातले. त्यांच्या भारुडांत एकच माणूस कधी जोशी होतो, कधी वासुदेव, कधी गोंधळी. आपल्याकडचा कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा एका उपरण्यावर राजा, राणी आणि दासी उभी करतो. आणि आपल्या जुन्नर तालुक्याला तर हे सांगायलाच नको. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. हंगामात फडांच्या राहुट्या तिथे लागतात आणि गावोगावचे जत्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकर याच मातीतल्या. त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. तमाशातला सोंगाड्या कोणाची भाषा बोलतो? आपली. आणि तो हसतो कोणाला? राजाला, प्रधानाला, सावकाराला. वगात खेड्यातले माणूस हसे करणारे असते, हसे होणारे नसते. म्हणजे हसू वरच्या दिशेने जाते. लक्ष्मण देशपांडे यांनी डॉक्टरेट मिळवली, विभाग चालवला, विद्यार्थी घडवले, आणि तरीही रंगमंचावर ते या जुन्या वाटेनेच चालले. शिकल्यामुळे त्यांची वाट तुटली नाही. मला त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

आता आपल्या रंगमंचाकडे पाहू. स्नेहसंमेलन जवळ आले की फलकावर सूचना लागते, आणि पंधरा दिवसांत एकांकिका बसते. हौशी मुले मेहनत घेतात, प्राध्यापक मंडळी घरचे कार्य समजून थांबतात, हे मी नाकारीत नाही. पण नाटक निवडताना ते बहुधा शहरातल्या दिवाणखान्याचे निघते, आणि त्यात पात्रांची यादी करताना शेवटी ‘खेडूत १’, ‘खेडूत २’ असे लिहिलेले असते. मग खेडूत एक आणि खेडूत दोन फाटके धोतर नेसून, मिशा चिकटवून, हेल काढत येतात. त्यांचे बोलणे कोणत्या गावचे असते? मला तर ते ना मढचे वाटते, ना ओतूरचे, ना घोडेगावचे. ते टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातले असते. गंमत अशी की, हे काम करणारा मुलगा बहुधा एस. टी.ने डिंगोरे, उदापूर किंवा खुबीहून आलेला असतो. त्याच्या घरी ‘कव्हा’, ‘तव्हा’, ‘आलतो’, ‘गेलतो’ अशी चांगली भरदार भाषा बोलली जाते. ती बाजूला ठेवून तो नकली खेडवळ भाषा पाठ करतो. आपलेच माणूस आपण उसन्या भाषेत उभे करतो, आणि समोर बसलेले आपण सारे हसतो. माझ्या आजीला तिथे पहिल्या रांगेत बसवले तर ती हसेल काय?

माझ्या वर्गात माळशेजच्या बाजूच्या एका आदिवासी वाडीतला मुलगा आहे. त्याचा आवाज असा की मैदानाच्या या टोकाला बोलला तर त्या टोकाला स्पष्ट कळावे. गुरांमागे आणि डोंगरात हाळ्या देऊन तयार झालेला तो आवाज आहे. एकांकिकेच्या निवडीला तो आला होता. “उच्चार सुधारून ये, नाहीतर गड्याचं काम आहे,” असे त्याला सांगण्यात आले. तो काही बोलला नाही. त्या वर्षी त्याने पडदा ओढण्याचे काम केले, आणि ते चोख केले. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे मी जाणते. स्पर्धेत गुण जातात ही त्यांची काळजी होती. पण मला राहून राहून वाटते, त्या दिवशी लक्ष्मण देशपांडे सर परीक्षक म्हणून बसले असते तर त्यांनी त्याला आधी काय विचारले असते? मला वाटते, ‘तुझ्या वाडीत सगळ्यांत गमतीदार बोलणारं माणूस कोण? ते जरा करून दाखव,’ एवढेच.

आपले गुरुजन येथे म्हणतील की, प्रमाण भाषा शिकलीच पाहिजे. अगदी मान्य. आमच्या घरातले अर्ज, सातबाराचा उतारा, पतपेढीची नोटीस आणि दवाखान्याचे कागद मीच वाचते, ते या भाषेच्या जोरावर. हा लेखही मी त्याच भाषेत लिहीत आहे आणि त्याचा मला आनंद आहे. प्रमाण भाषेने मला जग दिले. पण तिने घर काढून घ्यावे, असे कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नाही. लक्ष्मण देशपांडे हे दोन्ही भाषा बोलत होते. वर्गात शास्त्र सांगायला एक आणि रंगमंचावर माणसे उभी करायला दुसरी. एकीमुळे दुसरी बिघडली, असे काही झाले नाही.

दुसरे असे म्हणतात की, बोलीत काय, कोणीही बोलेल. अभिनय शिकायचा तर शुद्ध वाणी शिकावी. माझे मत उलट आहे. बोलीत बोलणे सोपे, पण बोलीतला माणूस उभा करणे फार अवघड. एका गावातली बावन्न माणसे एकसारखी बोलत नाहीत. पाटलाचे बोलणे निराळे, ठाकरवाडीतल्या मजुराचे निराळे; मुंबईला मार्केटमध्ये काम करून आलेल्याचे निराळे, माहेरपणाला आलेल्या लेकीचे निराळे. सासूसमोरची सून आणि विहिरीवरची तीच सून, यांच्यातही फरक. हे कान देऊन ऐकावे लागते. ‘खेडवळ हेल’ नावाची एकच भाषा आहे असे ज्याला वाटते, त्याने गाव ऐकलेलेच नाही. म्हणून बोलीतले नाटक बसवणे ही सवलत नव्हे. ती कडक तालीम आहे.

तिसरे, आणि मला सर्वांत खरे वाटणारे म्हणणे असे की, देशपांडे एखादाच होतो. खरे आहे. अडीच हजार प्रयोग करणारा नट दर महाविद्यालयात निघणार नाही. पण तो निघावा असा हट्ट कोणाचा आहे? आपल्यातले बहुतेक जण शिक्षक, पोलीस, दुकानदार, शेतकरी होणार. भरल्या सभेत स्वतःच्या आवाजात पाच मिनिटे उभे राहता आले, तरी ग्रामसभेत, मुलाखतीत आणि कचेरीत आयुष्यभर ते उपयोगी पडेल. ज्या मुलाला आपले बोलणे म्हणजे दोष असे वाटते, तो तोंडच उघडीत नाही. आणि घरातून पहिल्यांदा शिकायला आलेल्या मुलामुलींनी तोंड उघडले नाही, तर त्यांचे शिकणे पदवीच्या कागदापुरते उरते. हा नुसता नाटकाचा प्रश्न नाही, तो असा आहे.

तेव्हा नुसती टीका करून थांबण्यापेक्षा काही सूचना नम्रपणे मांडते. एक : नाटकाची तालीम स्नेहसंमेलनाच्या पंधरा दिवसांपुरती न ठेवता वर्षभर आठवड्यातून एक तास ठेवावी. पुण्याला आपल्या विद्यापीठात ललित कला केंद्र आहे आणि तिथे नाटकाचे रीतसर शिक्षण मिळते. पण तिथवर जाण्याचे मनात येण्यासाठी आधी इथे काहीतरी रुजले पाहिजे. तासाला खर्च नाही; एक रिकामी खोली पुरे.

दोन : त्या तासाला प्रत्येकाने आपल्या गावचे एक माणूस आणावे, म्हणजे पाहून, ऐकून, अंगात घेऊन. पाच मिनिटे, आपापल्या बोलीत, वेशभूषेशिवाय. आधी ज्याचे सोंग आणायचे त्याच्याशी बोलून यावे. आणि ते माणूस समोर बसले असते तर हसले असते काय, हा प्रश्न सर्वांनी मिळून विचारावा.

तीन : नारायणगावच्या एखाद्या जुन्या सोंगाड्याला वर्षातून एकदा शिक्षक म्हणून बोलवावे. पाहुणा म्हणून हारतुरे देऊन परत पाठवू नये. दोन तास शिकवायला सांगावे आणि योग्य ते मानधन द्यावे. पन्नास पैशांच्या नाण्याएवढ्या जागेत उभे राहून हजार माणसे कशी धरून ठेवायची, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

चार : २७ फेब्रुवारीला आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. त्या दिवशी भाषणे होतात, कविता वाचल्या जातात. त्याच्या पाचच दिवस आधी, २२ फेब्रुवारीला, लक्ष्मण देशपांडे यांचा स्मृतिदिन येतो. त्या आठवड्यातला एक तास ‘आपली माणसे’ या नावाने राखून ठेवावा आणि वर्षभर जमवलेली माणसे तिथे दाखवावीत. मराठीचा गौरव करायचा तर सगळ्या मराठीचा करावा. तिच्यात मराठवाड्याची ‘करायलाय’ही आली आणि आपली ‘कव्हा-तव्हा’ही आली.

थोर माणसाची आठवण करण्याचे दोन प्रकार असतात. एक, तसबीर लावून उदबत्ती ओवाळणे. दुसरा, त्याचे अर्धवट राहिलेले काम जमेल तेवढे पुढे नेणे. शिक्षकाच्या बाबतीत पहिला प्रकार फारसा शोभत नाही. शिक्षकाची आठवण म्हणजे त्याचा विद्यार्थी होणे. देशपांडे सरांच्या वर्गात आपल्याला बसता आले नाही, तरी त्यांचा धडा आपल्यापर्यंत पोचलेला आहे. तो धडा असा की, माणसे नीट पाहा, त्यांच्या शेजारी उभे राहून बोला, आणि शिकलात म्हणून त्यांच्यापासून लांब जाऊ नका.

शेवटी एक छोटी विनंती. तिला पैसा लागत नाही, ठरावही लागत नाही. पुढच्या वर्षी एकांकिकेच्या पात्रांची यादी फलकावर लागेल, तेव्हा तिच्यात ‘खेडूत १’, ‘खेडूत २’ असे लिहू नये. त्यांना नावे द्यावीत. माणसाला नाव दिले की त्याचे गाव शोधावे लागते, घर शोधावे लागते, तो काय पिकवतो आणि कोणाशी भांडतो हे शोधावे लागते. तेवढे शोधून झाले की त्याचे बोलणे आपोआप खरे होते. आणि ते काम माझ्या त्या वर्गमित्राला द्यावे. पडदा ओढायला दुसरे कोणीही मिळेल, हवे तर मी ओढीन.